काटेरी झुडूप राजा होतं तेव्हा



ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "राजकारण घाण, चांगल्या माणसाने त्यात पडू नये." देवाधर्माच्या बाया तर हे जास्तच म्हणतात. म्हणून आज आम्ही बायबलमधली एक गोष्ट सांगतो. ख्रिस्ती बहिणींना ती ठाऊक असेल. बाकीच्यांनीही ऐका, कामाची आहे.

झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून मी कशाला येऊ? अंजिराला आपल्या गोडीची काळजी, द्राक्षवेलीला आपल्या रसाची. शेवटी झाडं काटेरी झुडपाकडे गेली. ते लगेच तयार! वर दमही दिला: माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि मोठमोठे देवदार जाळेल. आता सांगा, काटेरी झुडपाला कसली आली सावली?

'शास्ते' नावाच्या पुस्तकात ही गोष्ट योथाम सांगतो. त्याचा सावत्रभाऊ अबीमलेख देवळाच्या पैशाने गुंड पोसून, स्वतःच्या भावांची कत्तल करून राजा झाला होता. शखेम गावच्या लोकांनी त्याला का निवडलं? तर आपल्या नात्यातला म्हणून. पुढे त्यानेच ते गाव जाळलं. आणि त्याचा शेवट कशाने झाला? एका बाईने बुरुजावरून टाकलेल्या जात्याच्या दगडाने.

याच पुस्तकात दबोराही आहे. ती खजुरीच्या झाडाखाली बसायची आणि लोक तिच्याकडे न्याय मागायला यायचे. म्हणजे बाईने पुढारपण करणं श्रद्धेच्या आड येत नाही. पुढाऱ्याला जाब विचारणंही येत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला तोंडावर सांगितलं, की गुन्हेगार तूच आहेस.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हेच केलं. त्या १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी व्यवस्थेत बायकांची कशी आबाळ होते ते त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

मैत्रिणींनो, श्रद्धा कुठलीही असो, ती कुणाला मत द्यायचं ते सांगत नाही. माणूस कसा पारखायचा ते मात्र शिकवते. तो आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा आहे का, हे विचारू नका. त्याची सावली कुणावर पडते, ते बघा.

आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण कित्येक गावांत नाव बाईचं आणि खुर्चीवर नवरा. गटाचा हिशोब चोख ठेवणारी, भांडण सोडवणारी बाई म्हणते, "नको बाई, माझं घर बरं." ती जैतुनासारखंच बोलते. तेल चांगलंच आहे, पण खुर्ची रिकामी राहत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा आपल्याकडे कायदा आहे. ती कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. गटाने मिळून जा आणि पाणी, रेशन, अंगणवाडीचे प्रश्न मांडा. आणि आपल्यातली जैतून कोण, हे या आठवड्याच्या बैठकीत ठरवा. ती "नको" म्हणाली, तर तिला झाडांची ही गोष्ट सांगा.