पाणी बंद करू नका
(शताब्दी वर्षात पुणे मुक्कामी दिंडीपुढे केलेले बोलणे)



आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभे राहतो, पण आज पोटाच्या दुखण्यावर बोलणार आहोत.

पस्तीस वर्षं झाली असतील. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबारायांची नाना पेठेत विसावलेली. आपल्या विणेकऱ्यांना रात्री जुलाब लागले, तांदळाच्या धुवणासारखे. ते पाणी मागत होते. आम्हीच म्हणालो, "देऊ नका, पाण्यानं जुलाब वाढतात." पहाटेला डोळे खोल गेले, पिंढऱ्यांत गोळे आले, लघवी बंद. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सलाइनवर वाचले. डॉक्टर म्हणाले, "बुवा, रोगाआधी तुम्हीच त्यांना तहानेनं मारत होता." ही चूक आमची. शताब्दीच्या पुस्तकात ती छापा, झाकू नका.

जुनी माणसं पटकीला मरीआईचा कोप म्हणायची. कोप नव्हे, जंतू. आजाऱ्याच्या शौचातून तो पाण्यात जातो, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो, मग अंगातलं पाणी आणि मीठ आतड्यात झिरपून बाहेर पडतं. माणूस मरतो तो सुकून.

लांब कशाला, ह्याच पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात काय झालं? अनेकांना आधी जुलाब-उलट्या, मग हातापायातलं बळ गेलं. त्याला जीबीएस म्हणतात. रोगी दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. असल्या जंतूशी लढता लढता कधी शरीर आपल्याच नसांवर उलटतं.

मग करायचं काय? पाणी उकळून प्या, नाहीतर मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. तुरटीनं पाणी नितळतं, जंतू मरत नाहीत. चंद्रभागेचं तीर्थ डोळ्याला लावा, पिऊ नका. शौचाहून आल्यावर आणि पंगतीत वाढायच्या आधी साबणानं हात धुवा. उघड्यावर कापलेली फळं नकोत.

जुलाब लागलेच तर ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटर चांगल्या पाण्यात. पुडी नसंल तर एक लिटरला सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखरेच्या जोडीनं मीठ आतड्यात शिरतं, त्यांच्यामागं पाणी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजा. अंगावरच्या लेकराला दूध चालूच ठेवा. शौचात रक्त, मोठा ताप, गुंगी, लघवी बंद, पाय लुळे, यातलं एकही दिसलं की वारीतल्या आरोग्य पथकाकडं न्या. पंढरी कुठं जात नाही.

पुढच्या शंभर वर्षांत आपल्या दिंडीत कुणी पाणी मागितलं, तर "नको" म्हणू नका.

रामकृष्ण हरी.