शितावरून भाताची परीक्षा : पत्त्यांचा डाव आणि संगणक

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी संमेलनातील व्याख्यानाचा संपादित भाग)



शाळेच्या हीरक महोत्सवात हा माणूस जुगारावर बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. ती रास्तच आहे. परंतु पोलादासाठी ओळखले जाणारे आपले भिलाई २०२३ साली 'महादेव' या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात देशभर गाजले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ते धरून अशी २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदाही संसदेने संमत केला. कायद्याने दार बंद होते. मनातला चुकीचा हिशेब मात्र तसाच राहतो. आज मला त्या हिशेबाविषयी बोलायचे आहे.

माझ्या नात्यातला एक तरुण मोबाइलवर ब्लॅकजॅक खेळून कर्जात बुडाला. घरात कळले तेव्हा तो मला म्हणाला, "काका, पहिल्या आठवड्यात मी सारखा जिंकत होतो. मला खेळ समजला होता." मी त्याला उपदेश केला नाही. आम्ही दोघांनी बसून संगणकाचा एक कार्यक्रम लिहिला.

खेळ थोडक्यात असा. पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. समोर अड्ड्याचा माणूस, म्हणजे डीलर. तो १७ होईपर्यंत पत्ते घेतो. खेळाडूने आधी खेळायचे असते. त्याची बेरीज २१ च्या पुढे गेली की पैसे गेले. मग डीलरचीही पुढे जावो. अड्ड्याचा सारा फायदा या एका नियमात दडलेला आहे.

संगणकाने सहा जोड पिसायचे, वाटायचे, निकाल नोंदवायचा आणि हे लाखो वेळा करायचे. यालाच प्रतिरूपण किंवा सिम्युलेशन म्हणतात. या पद्धतीचे मूळही पत्त्यांतच आहे. १९४६ साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम एकट्याने पत्ते लावत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून मोजावी, असे त्यांच्या मनात आले आणि त्यातून माँटे कार्लो पद्धत जन्मली. पुढे १९६२ साली एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर केलेल्या ब्लॅकजॅकच्या गणिताचे पुस्तक प्रसिद्ध केले.

आम्ही आधी खेळण्याच्या रीती तपासल्या. डीलरची हुबेहूब नक्कल केली, तर लावलेल्या दर १०० रुपयांमागे साधारण साडेपाच रुपये जातात. २१ ओलांडण्याचा धोका कधीच पत्करला नाही, तर सुमारे चार रुपये जातात. डीलरचा उघडा पत्ता पाहून गणिताने ठरवलेली उत्तम चाल खेळली, तर जेमतेम अर्धा रुपया जातो. उदाहरणार्थ, आपली बेरीज १६ आणि डीलरचा पत्ता ६ असेल तर थांबावे. तोच पत्ता १० असेल तर भीती वाटली तरी आणखी एक घ्यावा. बुद्धीने तोटा एवढा घटतो, पण शून्य होत नाही.

मग पैसे लावण्याच्या युक्त्या घेतल्या. हरलो की दुप्पट लावायचे, ही त्या मुलाची आवडती युक्ती. १०० रुपयांपासून सुरुवात केली आणि लागोपाठ आठ डाव गेले, तर २५,५०० रुपये संपतात. असे साधारण दीडशेत एकदा घडते. उरलेल्या वेळी १०० रुपये मिळत राहतात, म्हणून युक्ती लागू पडल्यासारखी वाटते. तोट्याचा दर तोच राहतो. फक्त तो एकदम अंगावर कोसळतो.

थॉर्प यांची युक्ती मात्र खरी होती. वाटून झालेले पत्ते ध्यानात ठेवले आणि उरलेल्यांत एक्के व दहाच्या किमतीचे पत्ते जास्त असताना रक्कम वाढवली, तर पारडे किंचित खेळाडूकडे झुकते. परंतु मोबाइलवर दर डावाआधी पत्ते नव्याने पिसता येतात. तेथे स्मरणशक्ती निरुपयोगी ठरते.

आता सर्वांत महत्त्वाचे. उत्तम चाल खेळणाऱ्याने १०० रुपयांचे १०० डाव खेळले, तर सरासरी तोटा ५० रुपयांचा. पण नशिबाचे चढउतार हजार-अकराशे रुपयांचे. त्यामुळे उठताना जवळजवळ निम्मे लोक फायद्यात असतात. १०,००० डावांनंतर तिघांत एकच उरतो. १० लाख डावांनंतर शोधूनही सापडत नाही.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. स्वयंपाकघरात ते खरे आहे. भट्टीतून घेतलेल्या पळीभर नमुन्यावरून संपूर्ण वितळलेल्या पोलादाचा अंदाज बांधता येतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी कारखान्यात रोज पाहिले. कारण तो रस एकजीव असतो. पत्त्यांच्या भातात एक शीत कच्चे, तर दुसरे करपलेले. तेथे अर्ध्या रुपयाचा तोटा नीट मोजायला सुमारे ५० लाख डाव लागतात. रोज ८०० डाव, एकही सुट्टी न घेता, खेळले तर सतरा वर्षे! बालवाडीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण तेवढ्यात होते. "मला खेळ समजला" असे एका आठवड्यावरून म्हणणाऱ्याची नियत खोटी नसते. त्याचा नमुना अपुरा असतो. अड्डा मात्र सर्वांचे डाव एकत्र मोजतो. त्याच्या हाती नेहमी भाताचे पातेले असते, आपल्या हाती शीत.

पडद्यावर तोट्याची रेषा खाली घसरताना तो मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारले, "म्हणजे मी जिंकत होतो, तेव्हाही हरतच होतो?" मी 'होय' म्हणालो. कर्ज अजून फिटायचे आहे.

महाभारतातील नलाची कथा आपण जाणता. द्यूतात राज्य गमावलेल्या नलाला ऋतुपर्ण राजा वाटेवरच्या बेहड्याची पाने आणि फळे नुसत्या नजरेने सांगतो. नल त्यावर विसंबत नाही. रथ थांबवून, झाड तोडून मोजतो. संख्या जुळते, मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, फाशांचे मर्म, शिकवतो. ती विद्या मिळताच नलाच्या देहातला कली बाहेर पडतो.

बेहडा आपल्या छत्तीसगडच्या रानातही आहे. पालकहो, मुलांना जुगार वाईट आहे एवढेच सांगू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि मोजायला शिकवा.