मुलीचा फोन, आईचा पहारा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

संयोजकांनी मला विचारलं होतं, 'मुलांच्या मोबाईलवर आईवडिलांनी लक्ष कसं ठेवायचं, यावर बोलाल का?' मी हो म्हटलं. पण तयारीला बसले तेव्हा जाणवलं, की आधी तुमच्यासमोर एक कबुली द्यायला हवी. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या चुकीतून आलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक आई आली. धुण्याभांड्याची कामं करणारी. मुलगी नववीत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी हप्त्याने घेतलेला फोन मुलीच्या हातात राहिला होता. ती रात्री उशिरापर्यंत त्यात डोकं घालून बसे, विचारलं तर तोंड फिरवे. आई म्हणाली, "ताई, काय करू?" मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई, दिवसभर कौटुंबिक हिंसेच्या केसेस ऐकणारी. मी म्हटलं, "ती झोपली की एकदा फोन बघून घ्या."

आईला फोनवरचं वाचता येईना, कारण मुलं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. म्हणून तिने मोठ्या मुलाला उठवलं. त्याला वर्गातल्या एका मुलाशी झालेल्या गप्पा सापडल्या. अभ्यास, सिनेमा, एकमेकांची थट्टा. एवढंच. पण त्या रात्री तिला मार बसला, फोन कपाटात गेला आणि वडील म्हणाले, "दहावी झाली की बघू हिचं." बघू म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

पुढे काही महिन्यांनी तीच मुलगी आमच्या एका कार्यकर्तीजवळ रडली. मैत्रिणीच्या फोनवरून तिने दुसरं खातं उघडलं होतं. तिथे ओळख झालेल्या एका मोठ्या माणसाने तिच्याकडून फोटो मागवून घेतले होते आणि आता आणखी फोटो दे, नाहीतर हे तुझ्या भावाला पाठवीन, अशी धमकी देत होता. तीन आठवडे ती हे एकटी सोसत होती. मी विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "ताई, त्याच्यापेक्षा मला घरच्यांचीच जास्त भीती वाटत होती."

मैत्रिणींनो, या एका वाक्यावर आपण थांबायला हवं. धमकी देणाऱ्याच्या हातात फोटो होता. पण त्याचं खरं हत्यार होतं ते आमच्या घरातली भीती, आणि ते त्याच्या हातात द्यायला मीही मदत केली होती. मुलीने आधीच्या अनुभवातून एकच धडा घेतला होता: फोनमधलं घरी कळलं की शाळा जाते.

मग मी स्वतःला विचारलं, फोनवरची ही पाळत नवी आहे का? आपल्यापैकी कितीजणींची पत्रं घरच्यांनी फोडून वाचली? शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कितीजणींना जाब द्यावा लागला? पहारा जुनाच आहे, साधन तेवढं बदललं. नियमही जुनाच, मुलीसाठी वेगळा आणि मुलासाठी वेगळा. त्या घरात भावाचा फोन कुणीही उघडला नाही. मुलींचे फोटो आपापल्या ग्रुपवर फिरवणारे, घाणेरडी टिंगल करणारे मुलगेही कुणाच्या तरी घरातलेच असतात ना? त्यांच्या आईवडिलांना आपण कधी हा प्रश्न विचारतो?

आणि पहारेकरी म्हणून उभी कोण केली जाते? आई. पोर बिघडली तर दोष तिचा. पण त्या आईच्या हातात तरी फोन आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका देशात शंभरात ३३ निघाल्या आणि पुरुष ५७. ज्या बाईचा स्वतःचा फोन नवरा रोज तपासतो, तिला आपण सांगतो की मुलीचा तपास. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचं ॲप टाकलं तर आपण त्याला हिंसा म्हणतो. मुलीच्या फोनमध्ये तेच टाकलं तर काळजी म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, मूल म्हणजे बायको नव्हे, आईवडिलांवर जबाबदारी असते. बरोबर आहे. धोकेही खरे आहेत, मी आत्ताच सांगितला तो खराच होता. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोकळा फोन देऊन बाजूला व्हा, असं मी म्हणणार नाही. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमाप्रमाणेही तेरा वर्षांखाली खातं उघडता येत नाही. पण मुलांनाही खासगीपणाचा हक्क आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात तो आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जबाबदारी आणि हक्क दोन्ही सांभाळायचे, तर लक्ष ठेवायचं ते उघड, वयानुसार कमी कमी करत.

आमच्या वस्तीत आम्ही हे कसं करतो ते सांगते.

पहिली गोष्ट, नियम घरातल्या सगळ्यांना एकच. रात्री दहानंतर फोन एका जागी ठेवायचे. भावाचा आणि वडिलांचासुद्धा. वडील रात्रभर रील बघणार आणि मुलीला उपदेश करणार, हे चालत नाही.

दुसरी, चोरून काही नाही. काय बघणार, कधी बघणार, हे मुलांना आधी सांगायचं. लहान मुलांच्या फोनमध्ये कोणती ॲप असावीत, किती वेळ वापरावीत, हे आपण ठरवू शकतो. इन्स्टाग्रामवर किशोरवयीन मुलांच्या खात्यांसाठी पालकांची देखरेख जोडता येते. त्यात मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. ही मर्यादा मला योग्य वाटते. मात्र मुलाने वय खोटं टाकलं तर हे सगळं निरुपयोगी, म्हणून बोलणं चालू असणं महत्त्वाचं. आईला फोन येत नसेल तर मुलीकडूनच शिकावा. शिकताशिकता जे बोलणं होतं ते तपासणीत होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वचन. 'काहीही झालं, तुझी चूक असली तरी, मला येऊन सांग. मी फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही, हात उचलणार नाही.' हे वचन आईबरोबर वडिलांनीही द्यायचं आणि पाळायचं. एकदा मोडलं की संपलं.

मूल अचानक गप्प झालं, फोन वाजला की दचकू लागलं, जेवण-झोप तुटली, तर वाट पाहू नका. समोर बसून विचारा, तिच्यासमोर फोन बघा. जिवाला धोका वाटला तर परवानगीसाठी थांबू नका, पण बघितलं हे तिला सांगा.

धमकीचा प्रकार असेल तर मेसेज पुसू नका, खात्याचं नाव टिपून ठेवा. मुलीचा फोटो 'दाखवायला' म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका, तो गुन्हा ठरू शकतो. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन आहे. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक गुन्हा कळला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलीला हे आधी सांगा, तिच्या पाठीमागे करू नका. मुलीचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, हेही त्याच कायद्यात आहे. ते मागून घ्या.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तक्रार नोंदवली गेली. तिच्या आईवडिलांशी आम्ही कित्येक संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी मी त्यांची माफी मागितली, कारण सल्ला माझा होता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाळेत जाऊ दे तिला." ती दहावी झाली, पुढे शिकते आहे. भावाशी मात्र अजून धड बोलत नाही.

परत गेल्यावर आपापल्या मंडळात एक बैठक या विषयावर घ्या. फक्त आयांची नको. वडिलांना आणि मुलग्यांना बोलवा. आणि तिथे पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या मुलीवर उद्या असा प्रसंग आला, तर ती तुम्हाला सांगेल का? उत्तर द्यायची घाई करू नका. घरी जाऊन तिलाच विचारा.