हॉल नको, व्हरांडा दाखवा

या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथल्या पंख्याखाली आलेल्या श्रोतेहो,

काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं. उद्या कृष्णविवरांवर आहे. मध्ये माझा विषय : सभा-समारंभासाठी शहरातलं हॉटेल कसं निवडावं. येताना दारावरची पाटी वाचून एक गृहस्थ सोबतच्यांना म्हणाले, "यंदा केटररलाही बोलावलंय वाटतं." (हशा) मी केटरर नाही. संस्था-संघटनांच्या परिषदा, वार्षिक सभा, अधिवेशनं यांच्यासाठी जागा बघणं आणि कार्यक्रम पार पाडून देणं, यावर माझं घर चालतं. ज्यांना विषय हलका वाटतो त्यांना एवढंच सांगतो, की 1885 साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं. ऐन वेळी कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. जागा बदलण्याची धावपळ कुणी केली, हे मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती आमची जमात. (टाळ्या)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर वेळ संपेल आणि ते राहून जाईल. हॉटेल निवडायला गेलात की हॉल सगळ्यांत शेवटी बघा. आधी हॉलच्या बाहेरची जागा बघा. हॉटेलवाले तिला 'प्री-फंक्शन एरिया' म्हणतात. मी तिला व्हरांडा म्हणतो, तुम्हीही म्हणा.

माणसं परिषदेला येतात कशाला? भाषणं ऐकायला? भाषण आता फोनवर, अंथरुणात पडून ऐकता येतं. हे बोलताना मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय, याची कल्पना आहे. (हशा) माणूस साताऱ्याहून किंवा नांदेडहून रात्रीचा प्रवास करून येतो तो चार माणसं गाठायला. कुणाची बदली, कुणाचं टेंडर, कुणाच्या मुलीसाठी स्थळ, कुणाशी दहा वर्षांचा अबोला. यातलं काहीही हॉलमध्ये होत नाही, कारण तिथे सगळे एकमेकांच्या पाठी बघत बसलेले असतात. होतं ते चहाच्या कपाभोवती.

आता हॉटेलचा हिशेब बघा. हॉलचं भाडं लागतं. ताटाचा दर लागतो, वर किमान इतक्या ताटांची हमी लिहून द्यावी लागते; माणसं कमी आली तरी तेवढे पैसे जातात. व्हरांड्याचं बिल कुणी लावत नाही. ज्याचं बिल लागत नाही ती जागा हॉटेलात आकसत जाते. एका टोकाला केकचं दुकान येतं, दुसऱ्या टोकाला दागिन्यांचं प्रदर्शन, मधे पितळेचा हत्ती. उरलेल्या जागेत तुमचं नोंदणीचं टेबल आणि प्रायोजकांचे स्टॉल. पाचशे माणसं चहाला एकदम बाहेर पडली की उभी राहणार कुठे?

माहितीपत्रकात 'क्षमता 500' असं छापलेलं असतं. ते थिएटर पद्धतीचं, म्हणजे नुसत्या खुर्च्या मांडून. त्यात माणशी साधारण दहा चौरस फूट जागा धरतात. गोल टेबलं मांडली की बारा ते पंधरा फूट, शाळेसारखी समोर टेबलं हवीत तर अठरा-वीस. म्हणजे पाचशेचा हॉल बघता बघता अडीचशेचा होतो. हे तुमच्या समितीत कुणा ना कुणाला ठाऊक असतंच. पण ते पाचशे लोक चार वाजून पाच मिनिटांनी जिथे उभे राहणार, त्या जागेचा आकडा मी आजवर एकाही माहितीपत्रकात छापलेला पाहिलेला नाही.

'शहराच्या मध्यभागी' म्हणजे कुठे, हाही प्रश्न आहे. पुण्याचं सोपं आहे. मुंबईत फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट हा व्यवहाराचा मध्य, आणि नकाशावर तो शहराच्या दक्षिण टोकाला! कल्याण-विरारच्या माणसाला तिथे पोचायलाच जीव नकोसा होतो. म्हणून स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल हवं, हे सांगायला व्याख्याता लागत नाही. 2025 पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते, त्याने बराच फरक पडला आहे. पुढे जाऊ.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तारीख ठरवताना पंचांग बघा. आमच्या समित्या कॅलेंडर बघतात, शनिवार-रविवार बघतात. बँक्वेट मॅनेजर मुहूर्त बघतो. ऐन मुहूर्ताच्या दिवशी तुम्ही वार्षिक सभा ठेवलीत तर दर चढा, मॅनेजर घाईत, आणि पार्टिशनच्या पलीकडे लग्न. डॉक्टरांच्या एका परिषदेत मूत्रपिंडावरचा शोधनिबंध चालू होता. पलीकडून वरात आली. पार्टिशन सरकतं होतं, ध्वनिरोधक आहे असं लेखी दिलेलं होतं. पहिल्या ढोलाला पडद्यावरचं मूत्रपिंड थरथरायला लागलं. (हशा) हॉटेलचं नाव सांगणार नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं. उलट चातुर्मासात तोच मॅनेजर मऊ होतो आणि पितृपक्षात स्वतःहून फोन करतो. आणि त्या परिषदेचं पुढे काय झालं? सगळे डॉक्टर व्हरांड्यात आले. तो होता बावीस पावलं लांब, समुद्राकडच्या खिडक्या असलेला. शोधनिबंधाच्या लेखकाभोवती तिथे कोंडाळं झालं आणि हॉलमध्ये जे प्रश्न कुणी विचारले नसते ते विचारले गेले. पुन्हा व्हरांडाच!

तुम्ही म्हणाल, याला एकच सूर लागतो. लागतो. मग इतिहास काढू. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. 1867 ते 1869 मध्ये उभं राहिलं. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला होता. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छतालाही त्याचा हात लागला होता. आणि मजल्या-मजल्याला बाहेर काढलेल्या उघड्या गॅलऱ्या! जमशेटजी टाटांना तिथे मज्जाव झाला म्हणून ताज उभं राहिलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती खरी किती, या भांडणात आज पडत नाही. पण 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. तिकीट एक रुपया. सावेदादा भाटवडेकर प्रेक्षकांत होते म्हणतात. ते पुढे स्वतः चित्रफिती काढू लागले, तेव्हा मराठी माणसाचं सिनेमाशी नातं हॉटेलच्या एका कार्यक्रमातून सुरू झालं असं मी म्हटलं तर रागावू नका. त्याच वर्षी मार्क ट्वेन तिथे उतरला होता. त्याने पानंच्या पानं लिहिली ती मुंबईच्या कावळ्यांवर. कावळे भेटले कुठे? गॅलरीच्या कठड्यावर. (हशा) आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून जीर्ण अवस्थेत उभी आहे.

अमेरिकेतली गोष्ट सांगतो, कारण शहराच्या मध्यभागी हॉटेल आणि त्यात अधिवेशन, हा धंदा त्यांनी वाढवला. 1967 साली अटलांटाच्या मध्यवस्तीत जॉन पोर्टमन नावाच्या वास्तुरचनाकाराने हयात रीजन्सी बांधलं. मधोमध बावीस मजली मोकळा चौक, सगळ्या खोल्यांची दारं त्या चौकाकडे उघडणारी. एवढी जागा भाड्याविना रिकामी ठेवायची, हे मुरलेल्या हॉटेलवाल्यांना वेडेपण वाटलं होतं. लोकांची मात्र रीघ लागली आणि नंतर जगभर तसे चौक झाले. आपल्या वाड्यांना चौक होताच, पण ते असो.

आणि फिलाडेल्फिया. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हे 1904 चं भारदस्त हॉटेल. जुलै 1976. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तेच शहर. माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या पेनसिल्व्हानिया शाखेचं चार दिवसांचं अधिवेशन भरलं. माणसं घरी गेली आणि आठवड्याभरात तापाने, न्यूमोनियाने मरू लागली. देशभर घबराट. विषप्रयोग झाला म्हणावं, तर विष सापडेना. अन्न, पाणी, बर्फ, सगळं तपासलं. शेवटी जानेवारी 1977 मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने जिवाणू पकडला. लीजनच्या लोकांवरूनच त्याचं नाव लीजनेला पडलं. एकूण 34 माणसं गेली. जिवाणू हवेतून पसरला होता आणि संशय होता वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यावर. हॉटेलच्या अंगावर ओरखडा नव्हता, अन्नात दोष नव्हता; तरी गिऱ्हाईक तुटलं आणि 1976 च्याच नोव्हेंबरात, जिवाणू सापडण्याआधीच, दारं बंद झाली. नुसत्या फुटपाथवरून गेलेले काही लोकही आजारी पडले, आणि तपासात असं दिसलं की जे हॉटेलच्या लॉबीत जास्त वेळ रेंगाळले…

(श्रोत्यांतून : "म्हणजे तुमच्या व्हरांड्यानेच घात केला!" मोठा हशा, टाळ्या)

थांबा. थांबा, माझं ऐका. लॉबी म्हणजे व्हरांडा नव्हे! लॉबीची खिडकी उघडत नाही. मी ज्या व्हरांड्याबद्दल गळा काढतोय त्याला बाहेरची हवा लागते. वॉटसनला ती होती. उलट हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. (हशा) हसा तुम्ही. कोविडनंतर तर हे कुणाला पटवून द्यायची गरजच पडायला नको होती. हॉटेल बघायला जाल तेव्हा मॅनेजरला विचारा : एसीच्या कूलिंग टॉवरचं पाणी कधी साफ केलं? नोंदवही दाखवा. तो झुंबरं दाखवेल. तुम्ही नोंदवहीच मागा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे' असं लिहिलंय, आणि दोनदा अधोरेखित केलंय. मग खोल्यांचं आरक्षण, रद्द करण्याच्या अटी, करारातली बारीक अक्षरं या भागाचे कागद बाजूला ठेवतो. फक्त एवढं : दर 'टॅक्ससकट की वेगळा' हे लेखी घ्या, हॉलमध्ये खांब किती आणि कुठे, ते मोजा, सामानाची लिफ्ट केवढी आहे बघा, नाहीतर स्टेजची पाटी जिन्यातून वळत नाही, आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार उघडून बघा. नुसतं बघू नका, उघडा. बहुतेक ठिकाणी त्याच्यामागे खुर्च्यांची चळत असते. व्हीलचेअरवरच्या सभासदाला मागच्या स्वयंपाकघरातून आणावं लागत असेल, तर ते हॉटेल तिथेच रद्द करा. याला किस्सा नाही, चर्चाही नाही.

दुसरी चिठ्ठी. संपवतो.

या सभागृहात निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या, ज्ञातिसंस्थेच्या, पतपेढीच्या समितीवर असणार. तुम्हाला हॉटेलवाला सकाळी अकराला बोलावतो, तेव्हा हॉल रिकामा असतो, दिवे लावलेले असतात, हातात सरबत देतात. त्या वेळी जाऊ नका. दुसऱ्या कुणाची तरी परिषद चालू असेल त्या दिवशी, चहाच्या सुट्टीत न सांगता जा. बाहेर कोपऱ्यात उभे राहा. माणसं कप घेऊन घोळक्याने उभी राहतात की जागाच नाही म्हणून जिन्यात आणि रस्त्यावर पांगतात, ते बघा. घोळके दिसले तर आगाऊ रक्कम भरा. नाही दिसले तर झुंबर कितीही मोठं असो, दुसरं हॉटेल शोधा.