भोक पाडायच्या आधी

हेडफोन लावा, आज आपण गॅरेजमध्ये जातोय.

मी पुण्याचा. बीटेक केलं, आता अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो आणि दिवसभर कोड लिहितो. शेजारी एक निवृत्त मेकॅनिक आहेत. ते अमेरिकन, पण मी त्यांना काकाच म्हणतो. चार वर्षं झाली, ते गॅरेजमध्ये कोब्रा बनवतायत.

खरी नाही, रेप्लिका. खरी कोब्रा आली १९६२ मध्ये. इंग्लंडच्या एसी कंपनीची गाडी, त्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन, आणि ही जोडी जमवली अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने. बनल्या हजाराच्या आसपासच. म्हणून आज रस्त्यावर दिसते ती बहुधा रेप्लिका. मूळ बॉडी ॲल्युमिनियमची, हिची फायबरग्लासची.

हिचा बंपर म्हणजे सलग पट्टी नाही. वाकवलेल्या स्टीलचे दोन छोटे तुकडे, नाव क्विक-जॅक. शर्यतीत गाडी झटकन उचलायला तिथे जॅक लावायचे. म्हणजे भार आतल्या चॅसीवर जायला हवा, बॉडीवर नाही. मी नेमकं हेच विसरलो.

काकांनी पैसे वाचवायला दुसऱ्याच विक्रेत्याचे क्विक-जॅक मागवले. बोल्टच्या अंतरात सहा मिलिमीटरचा फरक निघाला. मी म्हटलं, "काका, सोपंय, बॉडीत भोक थोडं सरकवून पाडू." ते चहा आणायला आत गेले आणि मी ड्रिल चालवलं. बॉडीला नवीन भोक पडलं, पण मागचं चॅसीचं भोक होतं तिथेच! वर जेलकोटला बारीक तडे गेले, ते वेगळेच.

इथे कंट्रोल-झेड नसतं ना राव. पोटात गोळा आला.

काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आता तूच भर."

भोकाच्या कडा मागून उतरत्या घासल्या, काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनने लावले, वाळल्यावर घासलं, पुढून जेलकोट भरला. मास्क विसरू नका, ती धूळ वाईट. माझे दोन वीकेंड गेले.

मग योग्य काम केलं. बदल बॉडीत नाही, विकत घेतलेल्या पार्टमध्ये. कानशीने क्विक-जॅकचं भोक लांबट केलं आणि जाड वॉशर टाकला. बॉडी आणि चॅसीमधल्या फटीत मापाने कापलेली नळी बसवली, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी बॉडी दाबली जात नाही. बॉडीतलं भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं ठेवून रबरी ग्रोमेट घातलं, कारण गाडी हादरली की घट्ट भोकापासूनच तडा सुरू होतो.

पार्ट बिघडला तर दुसरा मिळतो. काकांची चार वर्षं कुठून आणणार?

रंग लागल्यावर माझं भोक दिसणार नाही. मला मात्र ते कुठे आहे ते बरोबर माहितीये.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ड्रिल जपून!