उद्यानविद्या : एक शास्त्र, एक व्यवसाय

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, त्यातही कला शाखेचे पदवीधर. शेतीशास्त्रावर आम्ही काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु काउंटरवर बसून आम्ही वीस वर्षे सातबारे पाहत आलो आहोत, आणि कर्जत-खालापूरच्या जमिनीचे काय होत आहे ते त्या कागदांवर स्वच्छ दिसते. म्हणूनच हा विषय आम्ही मागून घेतला.

सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वड लावल्याची, आमराया उभारल्याची, विहिरी खोदल्याची नोंद आहे. दुसऱ्या शिलालेखात तर, जिथे औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे नव्हती तिथे ती आणून लावली असे म्हटले आहे. वैशालीची आम्रपाली आणि राजगृहाचा वैद्य जीवक यांनी संघाला दान दिल्या त्याही आमरायाच. झाड लावणे हे आपल्या परंपरेत हलके काम कधीच नव्हते. हलके ठरवले ते नंतर, इतरांनी.

आता शास्त्राकडे वळू. फळे, भाजीपाला, फुले आणि त्यांची साठवण व प्रक्रिया, एवढा उद्यानविद्येचा पसारा आहे. यात शास्त्र ते कोणते? एकच उदाहरण घेऊ. हापूस कापल्यावर आत पांढुरका, भुसभुशीत भाग निघतो, त्याला आपण साका म्हणतो. आंबा बाहेरून सुरेख दिसतो आणि गिऱ्हाईक मात्र शिव्या देते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 साली ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका होत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ आली, तिची कोय अगदी पातळ. एका झाडाच्या फुलावरचा पराग दुसऱ्याच्या फुलावर नेऊन ठेवायचा, त्यातून आलेली रोपे वर्षानुवर्षे वाढवून पारखायची, आणि त्यातून एखादेच झाड निवडायचे. ही चिकाटी म्हणजेच शास्त्र.

कोय कलमाचेही तसेच. कोयीपासून वाढवलेले हापूसचे झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून पावसाळ्यात नुकत्या रुजलेल्या, तांबूस कोवळ्या पानांच्या रोपाचा शेंडा कापतात, देठात उभी चीर देतात आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवतात. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली की झाले. दोन्हींच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना भिडला तर कलम जगते, नाहीतर वाळते. हाताला सवय झाली की हेच काम पोट भरते.

आपल्या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि दिवाळीनंतर माळ करपतो. राजनाल्याचे पाणी मिळते त्या गावांचे निराळे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या त्या पाण्यावर उन्हाळी भात निघतो. पण आपल्या लोकांच्या वाट्याला बहुधा आली ती वरकस, उताराची जमीन. भाताला ती नकोशी, आंबा-काजूला मात्र चालते. 1990 साली महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवडीची सांगड रोजगार हमीशी घातली, तेव्हा कोकणातले असे कितीतरी माळ हिरवे झाले. ज्यांचे कागद नीट होते त्यांचे, हे सांगायला हवे.

कारण खरी अडचण तिथेच आहे. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. पण सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच, वारस नोंद नाही, सहहिस्सेदार मुंबईला. असा कागद घेऊन माणूस कर्जाला आला की त्याची फाईल कपाटात जाते. आणि दलाल मात्र हाच कागद सहा महिन्यांत सरळ करून घेतो. मग त्या जागी कुंपण येते, फार्म हाऊस येते, आणि मूळ मालकाचा मुलगा तिथेच महिन्याच्या पगारावर माळीकाम करतो. झाडे तोच जगवतो, फक्त जमीन त्याची नसते.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या आकारावर ठरत नाही, तिला भांडवल आणि श्रमांची जोड किती यावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवा, हेही त्याच निबंधात आहे, ते विसरून चालणार नाही. दहा गुंठे भाताला काहीच नाहीत, पण रोपवाटिकेला दहा गुंठे पुष्कळ. फळरोपवाटिकेला मात्र 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो.

ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. दहावीनंतर कृषी पदविका, किंवा विज्ञान शाखेतून बारावी व सीईटी देऊन चार वर्षांची उद्यानविद्येची पदवी. दापोलीला त्याचे महाविद्यालय आहे. दहावीला बसलेल्यांनी शाखा निवडण्याआधी हे ध्यानात घ्यावे, कारण आमच्यासारखी कला शाखा घेतली की हे दार बंद होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहोत. ज्यांच्या घरी सातबारा आजोबांच्या नावावर आहे त्यांनी नाव आणि गट नंबर सांगावा, वारस नोंदीचा अर्ज आम्ही तिथेच लिहून देऊ. जयभीम.