थोडक्या खर्चात स्वयंपाकघर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत व्हाइटफील्ड येथे केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने स्वयंपाकघरावर बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांस नवल वाटेल. माझी पत्नी तर विषय ऐकून मनसोक्त हसली. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते आपणांपुढे ठेवावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. म्हणून हे चार शब्द.

व्हाइटफील्ड १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत म्हणून स्थापन झाले. २०२३ साली येथवर मेट्रोही आली. आज आपल्यापैकी बहुतेक जण बांधून तयार असलेल्या सदनिकांत राहतात. सदनिका घेताना आपण दिशा पाहतो, मोटारीची जागा पाहतो, पाण्याची चौकशी करतो. ओट्याची उंची मात्र कोणी मोजत नाही. मीही मोजली नाही.

आमचा ओटा छत्तीस इंच उंच. पत्नीची उंची चार फूट अकरा इंच. ती ओट्यापुढे एक लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहून स्वयंपाक करी. गार फरशी तिच्या पायांना सोसत नसावी, अशी माझी सहा वर्षे समजूत होती. गेल्या पावसाळ्यात त्या पाटावरून पाय निसटून ती पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. कशा पडलात, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा पाटाचे खरे कारण मी प्रथम ऐकले. कचेरीत खुर्च्या मागविताना तीन-तीन दरपत्रके घेऊन बसणाऱ्याची सोय पाहणारा मी. परंतु बदल्यांच्या आठ सरकारी निवासस्थानांत ओटा हिला उंच तर होत नाही ना, हे मी एकदाही विचारले नव्हते.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तेवढे दिवस स्वयंपाक मजकडे आला. दिवा पाठीमागे असल्याने भाजी चिरताना विळतीवर माझीच सावली पडे. मिसळणाचा डबा एका टोकास, तर शेगडी दुसऱ्या टोकास. कचेरीच्या सवयीने मी टिपण ठेवले : साध्या वरण-भात-भाजीसाठी एका सकाळी माझ्या शीतकपाटाकडे एकोणीस खेपा झाल्या.

असे टिपण जगात पूर्वीही झाले आहे. व्हिएन्नाच्या वास्तुशास्त्रज्ञ मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या स्वस्त घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. जागा सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासले, कामास लागणारा वेळ विचारात घेतला, आणि मग फळ्या व खण कोठे असावेत ते ठरविले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. आज ज्याला आपण मॉड्यूलर किचन म्हणतो, त्याचे मूळ तेथे आहे. आणि ते मूळ श्रीमंतीचे नसून काटकसरीचे आहे.

आमच्या चौकशीत मात्र एका दुकानाने तीन लाख चाळीस हजारांचा अंदाज दिला. रंग कोणता हवा, हे त्यांनी पाच वेळा विचारले; स्वयंपाक करणारीची उंची एकदाही नाही. आमची मर्यादा ऐंशी हजारांची होती. म्हणून आम्ही गवंडी, सुतार आणि विजेचा कारागीर असे तिघे निरनिराळे गाठले.

प्रथम ओटा. ताठ उभे राहून कोपर वाकवावे, कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून चार-पाच इंच वजा करावे. ती ओट्याची सोयीची उंची. पत्नीच्या बाबतीत ती बत्तीस इंच आली. शेगडीकडचा ओटा आम्ही तेवढा उतरविला. ग्रॅनाइट जुनाच वापरला. एक पट्टी तडकली, तेवढी नवी आणली. सिंककडचा भाग मात्र जुन्याच उंचीवर ठेवला. सिंकचा तळ खोल असतो, त्यामुळे तेथे काठ उंच असलेलाच बरा. शिवाय नळकामाचा खर्च वाचला. भांडी आता बहुधा मीच घासतो, हेही एक कारण आहे.

ओटा उतरविताना एक पथ्य पाळावे. शेगडी नेहमी सिलिंडरहून वरच्या पातळीवर असावी आणि सिलिंडर उभाच ठेवावा. हा वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून हवेची वाट खालीही हवी. रबरी नळी पाच वर्षांनी न चुकता बदलावी.

आता हिशेब. ओटा व गवंडीकाम बावीस हजार. जुन्या कप्प्यांना नवी दारे चौतीस हजार. दिवे, तारा व धूर ओढणारा पंखा साडेअकरा हजार. नळ व पाइप साडेचार हजार. रंग सहा हजार. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. दारांसाठी सिंकखाली आय.एस. ७१० प्रतीचे, पाण्यात टिकणारे प्लायवुड घेतले, अन्यत्र साधे. भुशाच्या दाबीव फळ्या ओलीने फुगतात, त्या सिंकजवळ कधीही लावू नयेत. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाई आपण विसरलेलो नाही. म्हणून नळाला पाणी वाचविणारी जाळीही बसविली.

पैसे थोडे असतील तर ते आधी उंचीवर, उजेडावर, हवेवर आणि ओलीपासूनच्या बंदोबस्तावर खर्चावेत. चकाकी मागाहून येते, न आली तरी चालते. आमच्याकडे शेवटी खर्च झाला तो अठ्ठ्याहत्तर हजारांचा. परंतु उंची मोजण्यास लागली ती एक फूटपट्टी आणि दोन मिनिटे. ती दोन मिनिटे मी सहा वर्षांपूर्वी काढली असती, तर एक मनगट वाचले असते.

आपण घरापासून दूर आहोत. सणावारी येथेच पुरण शिजते, येथेच मोदक वळले जातात. ते ज्या ओट्यावर होते, तो ओटा आज घरी गेल्यावर मोजून पाहावा, आणि त्यापुढे उभी राहणारीस एवढेच विचारावे : “तुला हा पुरतो ना?” एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.